वर्तन बदलण्याची योजना: वर्गासाठी आणि थेरपीसाठी, पायरीपायरीने

एकच वर्तन दोन मुलांमध्ये दोन वेगळ्या कारणांनी होत असतं. एक मूल वही फेकतं, कारण वही फेकली की बाई धावत जवळ येतात. दुसरं फेकतं, कारण वही फेकली की गणित टळतं. दोघांनाही वर्गाबाहेर उभं केलं तर पहिल्याचं फेकणं कदाचित कमी होईल. दुसऱ्याचं मात्र वाढेल, कारण त्याला हवं होतं तेच मिळालं. वर्तन सुधारणेच्या योजना बहुतेक वेळा इथेच फसतात. निवडलेलं तंत्र चांगलं असतं, पण ते भलत्याच कारणाला लावलेलं असतं. म्हणून पुढे तंत्रांकडे येण्याआधी मोजण्याला आणि कारण शोधण्याला बरीच जागा दिली आहे. शिक्षक, विशेष शिक्षक, समुपदेशक आणि पालक यांपैकी कोणीही हा क्रम वापरू शकतं. कुठे प्रशिक्षित माणूस हवाच, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

या सगळ्याच्या मुळाशी असलेलं तत्त्व साधं आहे: वागण्याच्या पाठोपाठ जे घडतं, त्यावर ते वागणं पुन्हा होणार की नाही हे ठरतं. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये पेटीत कोंडलेल्या मांजरांवर ते दाखवलं आणि बी. एफ. स्किनर यांनी १९३०च्या दशकापासून त्याचे बारकावे मोजले. माणसांच्या रोजच्या अडचणींसाठी ते वापरायची शिस्त १९६८ मध्ये डोनाल्ड बेअर, मॉन्ट्रोज वुल्फ आणि टॉड रिस्ली यांच्या लेखाने घालून दिली. निवडलेलं वर्तन त्या व्यक्तीच्या जगण्यात खरोखर महत्त्वाचं असावं, ते मोजता यावं आणि बदल आपल्या उपायामुळेच झाला हे दाखवता यावं, या त्यांच्या मागण्या आजही तितक्याच लागू आहेत.

१. बदल कोणासाठी, हे आधी विचारा

कागदावर काही लिहिण्याआधी एक प्रश्न: हे वर्तन बदललं तर फायदा मुलाचा होणार की फक्त आजूबाजूच्या मोठ्यांचा? मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतंय का, त्याचं शिकणं अडतंय का, मैत्री तुटतेय का? यांपैकी काहीच नसेल तर ते वर्तन राहू द्या. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाचं आनंदात हात फडफडवणं केवळ वेगळं दिसतं म्हणून थांबवायला जाणं अन्यायाचं आहे. या क्षेत्राच्या इतिहासात असं बरंच झालं आहे. इव्हार लोव्हास यांच्या १९८७ च्या गाजलेल्या अभ्यासात लहान स्वमग्न मुलांसोबत आठवड्याला ४० तास काम केलं गेलं आणि त्यात वेदनादायक शिक्षाही होत्या. त्या काळात वाढलेल्या स्वमग्न प्रौढांनी पुढे या पद्धतींवर जी टीका केली, ती गांभीर्याने घ्यायलाच हवी. मुलाला समजेल अशा भाषेत योजना सांगा. ते सतत टाळत असेल, रडत असेल, तर तो नकार समजा आणि योजना बदला. बोलता न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे दुप्पट काळजीने पाहायचं असतं.

दुसरी तपासणी वैद्यकीय. वागणं अचानक बदललं असेल तर कानदुखी, दातदुखी, बद्धकोष्ठता, अपुरी झोप, नवं औषध, कमी ऐकू येणं किंवा कमी दिसणं हे आधी वगळा. डोकं आपटणाऱ्या मुलाचा कान ठणकत असेल तर जगातला कोणताही बक्षीस-तक्ता कामाला येणार नाही.

२. वर्तन असं लिहा की परक्यालाही ओळखता येईल

‘उद्धट आहे’, ‘लक्ष देत नाही’, ‘दंगा करतो’ ही मतं झाली. लिहायचं असतं ते डोळ्यांना दिसणारं आणि कानांना ऐकू येणारं. ‘दंगा करतो’ याऐवजी असं लिहा: ‘शिक्षक किंवा दुसरं मूल बोलत असताना, हात वर न करता, दोन बाकांपलीकडे ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलणं किंवा ओरडणं.’ त्याखाली काय धरायचं नाही तेही लिहा: शेजाऱ्याशी कुजबुज, गटकामातलं बोलणं, शिंक, खोकला. सीमेवरची उदाहरणं आधीच ठरवली नाहीत तर सोमवारी कुजबुज मोजली जाते, मंगळवारी नाही, आणि आकडे निरुपयोगी होतात.

ओग्डेन लिंड्स्ली यांची एक कसोटी इथे फार कामाची आहे. जे मेलेला माणूसही करू शकतो, ते वर्तन नव्हे. ‘शांत बसणं’, ‘न मारणं’, ‘उलट न बोलणं’ हे सगळं मृतदेहाला उत्तम जमतं. म्हणून ध्येय कायम करण्याच्या भाषेत हवं: हात वर करून बोलणं, गणिताची पाच उदाहरणं सोडवणं, खेळणं हवं असेल तर मागणं.

३. हात न लावता मोजा

किमान तीन ते पाच दिवस काहीही न बदलता नोंद करा. ही मूळ पातळी. तिच्याशिवाय उपाय लागू पडला की नाही, हे शेवटपर्यंत कळत नाही.

मोजायचं काय, हे वर्तनावर ठरतं. सुरुवात आणि शेवट स्पष्ट असलेलं वर्तन (मारणं, उठून जाणं, ओरडणं) मोजायचं किती वेळा झालं यावर, आणि त्याला निरीक्षणाच्या वेळेने भागायचं. ४० मिनिटांत आठ वेळा आणि २० मिनिटांत सहा वेळा यांत दुसरं प्रमाण जास्त आहे, हे नुसत्या आकड्यांत दिसत नाही. रडणं, आकांडतांडव यांचा कालावधी मोजा. सूचना दिल्यापासून काम सुरू होईपर्यंतचा वेळ हे तिसरं माप. सांगितलेलं उशिरा करणाऱ्या मुलासाठी ते सर्वांत बोलकं असतं.

चुळबूळ किंवा कामात असणं यांसारख्या सलग वर्तनासाठी वेळेचे तुकडे पाडतात. १५ मिनिटांचे ३० सेकंदांचे ३० तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटच्या क्षणी मान वर करून फक्त पाहा: त्या क्षणी मूल कामात आहे की नाही? वर्ग सांभाळत एकट्या शिक्षकाला झेपणारी हीच पद्धत. तुकड्यात कधीही वर्तन दिसलं तर खूण करायची, अशीही पद्धत आहे. पण तिच्यात वर्तन खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. उलट पूर्ण तुकडाभर टिकलं तरच खूण केली, तर ते कमी दिसतं. पद्धत कोणतीही निवडा, पण मध्येच बदलू नका.

हातात कागद धरता येत नसेल तर उजव्या खिशात मणी ठेवा आणि प्रत्येक वेळी एक मणी डाव्या खिशात टाका. तास संपला की मोजा.

आठवड्यातून एकदा दुसऱ्या व्यक्तीला त्याच वेळी, तुमच्याशी न बोलता मोजायला सांगा. लहान आकड्याला मोठ्याने भागून १००ने गुणा. तुमचे ९ आणि तिचे १२ असतील तर मेळ ७५ टक्के. तो ८० टक्क्यांच्या खाली असेल तर व्याख्या सैल आहे. मुलाकडे वळण्याआधी ती घट्ट करा. निरीक्षक नवा असेल तर पहिल्या दिवसाची नोंद बाजूला ठेवा, कारण आपल्याकडे पाहिलं जातंय हे कळलं की मुलं वेगळं वागतात. आणि मूळ पातळी आपोआपच सुधारत असेल तर थांबा. तेव्हा उपाय सुरू केला तर श्रेय चुकीच्या गोष्टीला जाईल.

४. कारण शोधा

बहुतेक अवघड वर्तनं चारांपैकी एका किंवा अधिक कारणांनी टिकून असतात: लक्ष मिळतं, नको असलेलं टळतं, हवी ती वस्तू किंवा कृती मिळते, किंवा ते करण्यातूनच शरीराला काहीतरी मिळतं. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करणाऱ्या मुलांसोबत यांसारख्या परिस्थिती मुद्दाम आलटूनपालटून निर्माण केल्या आणि कोणत्या परिस्थितीत वर्तन वाढतं ते पाहिलं. बाहेरून सारखीच दिसणारी इजा वेगवेगळ्या मुलांत वेगवेगळ्या कारणांनी होते, हे तिथे आकड्यांत दिसलं. अशी मुद्दाम घेतलेली चाचणी प्रशिक्षित तज्ज्ञानेच करायची. वर्गात किंवा घरी नोंदवहीवर काम भागतं.

वहीत तीन रकाने आखा: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर लगेच काय झालं. नोंद किती बारीक हवी ते पाहा.

‘१०.२०. बाईंनी भागाकाराचा कागद दिला, इतर मुलं सोडवू लागली. / पेन्सिल दोनदा बाकावर आपटली, कागद मधोमध फाडला. / बाईंनी कागद उचलला, त्याला कोपऱ्यात बसवलं. तो खिडकीबाहेर पाहत बसला.’

‘११.०५. चित्रकला, बाई दुसऱ्या रांगेत. / काही नाही.’

‘११.५०. लेखी गणित, पाच उदाहरणं. / दुसऱ्या उदाहरणाला वही ढकलून पाडली. / बाई म्हणाल्या, राहू दे, उद्या कर.’

तीनच ओळींत चित्र उभं राहतं. चित्रकलेत बाईंचं लक्ष नव्हतं, तरी काही झालं नाही. म्हणजे हा लक्षाचा प्रश्न दिसत नाही. दोन्ही प्रसंग लेखी गणिताचे आणि दोन्हीनंतर गणित सुटलं. तरी तीन नोंदींवर निष्कर्ष काढू नका. १५ ते २० प्रसंग जमू द्या, आणि वर्तन झालं नाही अशा वेळाही लिहा. त्या वेळा बहुतेक लोक लिहीत नाहीत, पण उत्तर अनेकदा त्यांच्यातच असतं.

तिसऱ्या रकान्यात ‘समजावलं’, ‘ओरडले’ एवढंच लिहिण्याचा मोह टाळा. कोण, किती जवळ, किती वेळ, आणि त्या काळात काम चालू राहिलं की थांबलं, हे हवं. ओरडणं हेही लक्षच असतं. दिवसभर कोणी नाव न घेतलेल्या मुलासाठी ते पुरेसं बक्षीस ठरतं.

सगळ्या नोंदी झाल्यावर एका वाक्यात अंदाज लिहा: ‘दोनपेक्षा जास्त लेखी उदाहरणं समोर आली की हा मुलगा कागद फाडतो, आणि त्यामुळे काम टळतं.’ वाक्य असं लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका, अजून चार दिवस नोंद करा.

५. आधीची परिस्थिती बदला

अर्धं काम इथेच होऊ शकतं. भागाकार येतच नसेल तर तो शिकवा. ही शिकवण्यातली उणीव आहे, वर्तनाची अडचण नव्हे. २० उदाहरणांचा कागद चार-चारच्या पाच पट्ट्यांत कापा. दोन अवघड उदाहरणांच्या मध्ये त्याला येणारं एक घाला. निवड द्या: आधी बेरीज की आधी भागाकार? काम किती आणि संपल्यावर काय, हे चित्रांच्या वेळापत्रकाने दाखवा. लक्षासाठी होणारं वर्तन असेल तर ते होण्याची वाट न पाहता ठरावीक अंतराने, मुलाने काहीही न करता, त्याच्याकडे जा. मूळ पातळीत वर्तन सरासरी दर सहा मिनिटांनी होत असेल तर तुमची फेरी चार-पाच मिनिटांनी हवी.

६. तेच मिळवण्याचा दुसरा मार्ग शिकवा

एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये दाखवलं की अवघड वर्तनातून मूल जे मिळवतं, तेच मागायला त्याला शिकवलं तर ते वर्तन कमी होतं. मात्र मागणी कारणाशी जुळायला हवी. काम टाळणाऱ्या मुलाला ‘माझं बघा ना’ म्हणायला शिकवून उपयोग नाही; त्याला ‘मदत करा’ किंवा ‘थोडं थांबू?’ हवं.

नवा मार्ग जुन्यापेक्षा सोपा, झटपट आणि खात्रीचा असेल तरच मूल तो घेतं. कागद फाडायला दोन सेकंद लागतात. मग विश्रांतीचं कार्ड बाकाच्या कोपऱ्यावर, हात पोचेल तिथेच चिकटवलेलं हवं. दप्तरात ठेवलेलं कार्ड कोणी वापरत नाही. पहिले काही दिवस कार्ड दाखवताच, प्रत्येक वेळी, एक मिनिटाची सुट्टी. दिवसात ३० वेळा मागितली तरी द्या. ‘हा फायदा घेतोय’ असं इथे वाटतंच, आणि नेमक्या याच टप्प्यावर मोठी माणसं योजना सोडतात. मागितल्यावर मिळतं हा विश्वास बसायच्या आत नकार दिला तर मूल पुन्हा कागदाकडे वळतं.

विश्वास बसला की अंतर वाढवा: कार्ड दाखवल्यावर ‘हो, हे एक उदाहरण झालं की’, मग दोन, मग पट्टी पूर्ण. वेळेने वाढवायचं असेल तर ५ सेकंद, १०, २०, ४०. जुनं वर्तन परत दिसलं तर दोन पायऱ्या मागे या आणि तिथे दोन दिवस थांबा.

७. प्रबलन

ज्या परिणामामुळे वर्तन वाढतं तो प्रबलक. यादीतून उचललेलं बक्षीस प्रबलक असेलच असं नाही. वर्तन वाढलं तरच ते प्रबलक. चारचौघांत केलेलं कौतुक काही मुलांना शिक्षेसारखं लागतं. म्हणून आधी पसंती शोधा. सहा वस्तू किंवा कृती घ्या, त्यांच्या सगळ्या जोड्या करा (१५ होतात), प्रत्येक जोडी समोर ठेवून एक निवडू द्या. ज्याची निवड सर्वांत जास्त वेळा झाली ते वर. आवडी बदलतात, ही चाचणी अधूनमधून पुन्हा घ्या. वस्तूंची गरज नेहमी पडतेच असंही नाही. डेव्हिड प्रिमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या तत्त्वाप्रमाणे मूल मोकळं असताना जे वारंवार करतं, ते न आवडणाऱ्या कामानंतर ठेवलं की काम वाढतं. आधी पाच उदाहरणं, मग मातीकाम.

प्रबलन काही सेकंदांत हवं. संध्याकाळी मिळणारं बक्षीस सहा वर्षांच्या मुलासाठी सकाळच्या वागण्याशी जोडलेलं नसतं. कौतुकात वर्तनाचं नाव घ्या: ‘हात वर करून थांबलास, म्हणून मला लगेच कळलं.’ आणि पहिलं उद्दिष्ट मूळ पातळीवरून ठरवा. मूल आज सरासरी तीन मिनिटं कामात टिकत असेल तर पहिलं ध्येय तीन मिनिटांचंच, म्हणजे पहिल्याच दिवशी यश येतं. १५ मिनिटांपासून सुरुवात केली तर मुलाला बक्षीस कधी मिळतच नाही, आणि मग ‘याच्यावर बक्षिसाचाही परिणाम होत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. वाढ दहा-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी, सलग तीन वेळा जमल्यावर.

नवं वर्तन शिकताना प्रत्येक वेळी प्रबलन. रुळल्यावर कधी दोनांनंतर, कधी चारांनंतर, सरासरी तीनांनंतर. अनियमित मिळणाऱ्या फळावर टिकलेलं वर्तन लवकर विझत नाही. हा नियम दुधारी आहे: दहादा दुर्लक्ष करून अकराव्यांदा हट्ट पुरवला तर हट्टही असाच चिवट होतो.

बक्षिसाने मुलाची आवड मरते का? मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांच्या १९७३ च्या अभ्यासात चित्र काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांना आधी सांगून प्रमाणपत्र दिलं, तर पुढे त्यांनी कमी चित्रं काढली. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांत असं झालं नाही. यातून घ्यायचं ते एवढं: मूल जे आनंदाने करतंय त्यावर बक्षीस लावू नका. जे ते करतच नाही, त्यासाठी बक्षीस पायरी म्हणून वापरा आणि नंतर काढून घ्या.

टोकन पद्धत

टिओडोरो आयलॉन आणि नेथन अझ्रिन यांनी १९६०च्या दशकात एका मनोरुग्णालयाच्या विभागात टोकनं, म्हणजे योग्य वागण्यावर मिळणाऱ्या आणि नंतर बक्षिसासाठी बदलता येणाऱ्या खुणा, वापरून दाखवली. तिथून ती वर्गांत आली. मांडणी अशी:

सुरुवातीला पाचच टोकनं, आणि पाच भरली की लगेच बदली. बदली दिवसात अनेक वेळा हवी, आठवड्याच्या शेवटी नव्हे.
बदलीच्या यादीत किमान तीन गोष्टी, त्यांतली एक अगदी स्वस्त.
टोकन देताना वर्तनाचं नाव घ्या, नाहीतर टोकन गेल्यावर काहीच उरत नाही.
ठरलेलं मिळालंच पाहिजे. मिळवलेली पाच टोकनं ‘आज वेळ नाही’ म्हणून उद्यावर ढकलली की पद्धत संपली.

बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. एक, मुलं टोकनं साठवतात आणि मग आठवडाभर काहीच करत नाहीत. टोकनं रोज संपवण्याचा नियम ठेवा. दोन, दंड. टोकन काढून घेण्याने वर्तन कमी होतं खरं, पण खाली काहीच उरलं नाही की मूल ‘आता काय जायचंय’ म्हणून सगळं सोडून देतं. दंड ठेवायचाच तर कमाई दंडाच्या किमान चौपट राहील असं गणित बसवा. आमचा कल दंडाशिवाय सुरू करण्याकडे आहे.

८. दुर्लक्ष, म्हणजे विलोपन

ज्यामुळे वर्तन टिकून आहे तेच बंद करणं म्हणजे विलोपन. लक्षासाठी होणारं वर्तन असेल तर लक्ष बंद. पण काम टाळण्यासाठी होणाऱ्या वर्तनाकडे दुर्लक्ष करणं म्हणजे त्याला हवं तेच देणं. तिथे विलोपनाचा अर्थ काम न टळू देणं असा होतो.

१९५९ मध्ये सी. डी. विल्यम्स यांनी २१ महिन्यांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. झोपवताना कोणी खोलीबाहेर पडलं की तो रडून गोंधळ घालायचा. पालकांनी त्याला झोपवून बाहेर पडायचं आणि परत न जायचं ठरवलं. पहिल्या दिवशी तो ४५ मिनिटं रडला. दहाव्या वेळेपर्यंत रडणं थांबलं. साधारण आठवड्याने मावशीने झोपवलं, तो रडला, ती परत गेली आणि सगळं मूळपदावर आलं. पालकांना पुन्हा सुरुवात करावी लागली आणि नवव्या वेळेपर्यंत रडणं पुन्हा शून्यावर आलं. या एका नोंदीत विलोपनाबद्दल जवळपास सगळं आहे: थोडा काळ वर्तन परत डोकावणं, आणि घरातल्या एकाच माणसाने नियम मोडला तर काय होतं.

विलोपन सुरू केल्यावर वर्तन आधी वाढून मग कमी होणं प्रत्येक वेळी होत नाही. डोरोथिया लर्मन आणि ब्रायन इवाटा यांनी १९९५ मध्ये ११३ नोंदसंच तपासले तेव्हा ही सुरुवातीची उसळी साधारण चौथाई संचांत दिसली, आणि विलोपनाला दुसरे उपाय जोडलेले असतील तिथे कमी दिसली. म्हणून विलोपन एकटं कधी वापरू नका. सहावी आणि सातवी पायरी सोबत हवीच. उसळी आली तर ती सहन करता येईल का, हे आधी ठरवा. मूल स्वतःचं डोकं आपटत असेल, दुसऱ्याला चावत असेल, तर उत्तर नाही असं आहे आणि हा उपाय तज्ज्ञाशिवाय करायचा नाही.

टाइम-आउटचा, म्हणजे मुलाला थोडा वेळ चालू गोष्टीतून बाजूला काढण्याचा, नियमही हाच: ज्या ठिकाणाहून काढतो तिथे काहीतरी हवंहवंसं असेल तरच तो चालतो. कंटाळवाण्या वर्गातून बाहेर काढणं ही सुट्टी झाली. काही मिनिटं पुरतात. जास्त वेळाने जास्त परिणाम होतो असं नाही. कोंडणं आणि मारणं यांना इथे जागा नाही. मारण्याने वर्तन त्या क्षणी थांबतं, मारणाऱ्याला सुटल्यासारखं वाटतं आणि त्यामुळे मारणाऱ्याचीच सवय पक्की होते; मूल शिकतं ते फक्त कोणासमोर करायचं नाही एवढंच.

९. पूर्ण वर्गासाठी

चार्ल्स मॅडसन, वेस्ली बेकर आणि डॉन थॉमस यांनी १९६८ मध्ये वर्गात तीन गोष्टी क्रमाने तपासल्या: नियम, दुर्लक्ष, कौतुक. भिंतीवरचे नियम एकटे जवळपास काहीच करत नव्हते. फरक पडला तो योग्य वागण्याच्या कौतुकाने. म्हणून नियम तीन ते पाच ठेवा, कृतीच्या भाषेत लिहा, आणि दिवसभर ते पाळणाऱ्यांचं नाव घ्या.

१९६९ मध्ये हॅरिएट बॅरिश, म्युरिएल सॉंडर्स आणि मॉन्ट्रोज वुल्फ यांनी चौथीच्या वर्गात खेळ करून पाहिला: दोन संघ, नियम मोडला की त्या संघाच्या नावापुढे फळ्यावर खूण, कमी खुणांचा संघ जिंकतो, आणि दोघांच्याही खुणा मर्यादेत राहिल्या तर दोघेही जिंकतात. ही शेवटची अट कधी काढू नका, तीच स्पर्धेला भांडण होऊ देत नाही. पहिल्या आठवड्यात खेळ दहा मिनिटांचाच ठेवा. एखादं मूल मुद्दाम संघ हरवत असेल तर त्याला एकट्याचा संघ द्या. त्याच्यावर मुलांचा राग जमू देऊ नका.

१०. भीती आणि सवयी: थेरपीतला भाग

मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची नोंद दिली. आवडीचं खाणं चालू असताना ससा रोज थोडा जवळ आणला गेला आणि शेवटी पीटर त्याला कुरवाळू लागला. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये यालाच पद्धतशीर रूप दिलं. शिडी अशी बनवा: भीतीचे १० ते १५ प्रसंग लिहा, प्रत्येकाला ० ते १०० गुण मुलाने द्यायचे, लहान मुलांसाठी चेहऱ्यांची चित्रं. कुत्र्याची भीती असेल तर चित्र पाहणं १५, चित्रफीत २५, रस्त्यापलीकडे बांधलेला कुत्रा ४५, दहा पावलांवर ६०, हात लावणं ९५. दोन पायऱ्यांत १० गुणांहून जास्त अंतर पडलं तर मध्ये एक घाला. वरच्या यादीत २५नंतर सगळीकडे पायऱ्या कमी आहेत.

सुरुवात ३०च्या खालून. एका पायरीवर भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबा, मगच संपवा. भीती टोकाला असताना मुलाला उचलून नेलं तर सुटकाच प्रबलन ठरते आणि पुढची वेळ जास्त अवघड होते. म्हणून पायरी इतकी छोटी हवी की पळायची वेळच येऊ नये. मुलाला ढकलून थांबवून ठेवणं हा उपाय नव्हे. आईचा हात घट्ट धरणं, डोळे मिटणं यांसारखे आधार ओळखा आणि तेही पायरीपायरीने सोडवा, नाहीतर मूल शिकतं की आईचा हात होता म्हणून वाचलो. छळ किंवा अपघातातून आलेल्या भीतीवर प्रशिक्षित थेरपिस्टनेच काम करायचं.

नखं खाणं, केस उपटणं, टिक (नकळत पुन्हा पुन्हा होणाऱ्या झटक्यासारख्या हालचाली) यांसाठी अझ्रिन आणि ग्रेगरी नन यांची १९७३ची पद्धत आजही पहिली निवड आहे. आधी सवयीची चाहूल ओळखायला शिकवतात: हात वर जाताना, ओठांना लागायच्या आधी ‘आत्ता’ म्हणायचं. मग तिच्याशी एकाच वेळी होऊच शकणार नाही अशी, लोकांच्या नजरेत न भरणारी कृती, उदाहरणार्थ मूठ हलकी मिटून मांडीवर ठेवणं, साधारण एक मिनिट किंवा ऊर्मी ओसरेपर्यंत. घरच्यांचं काम आठवण करणं आणि जमल्यावर कौतुक करणं, टोकणं नाही.

११. टिकवणं आणि तपासणं

एका खोलीत, एका माणसापुढे शिकलेलं वर्तन आपोआप दुसरीकडे जात नाही. ट्रेव्हर स्टोक्स आणि डोनाल्ड बेअर यांनी १९७७ मध्ये स्पष्ट सांगितलं की शिकवून आशा करत बसणं ही पद्धत नव्हे. सुरुवातीपासूनच दोन-तीन माणसं, दोन-तीन जागा, वेगवेगळी शब्दरचना वापरा. जगात आपोआप फळ मिळेल अशी वर्तनं निवडा: नीट मागितलेल्या मदतीला कोणीही दाद देतं. टोकनं हळूहळू विरळ करा, कौतुक ठेवा.

रोजचा आकडा कागदावर बिंदू म्हणून काढा. उपाय सुरू झाला तिथे उभी रेघ मारा. सलग पाच-सहा बिंदू ध्येयरेषेच्या (मूळ पातळीपासून ध्येयापर्यंत काढलेल्या रेघेच्या) चुकीच्या बाजूला गेले तर काहीतरी बदलायला हवं. पण बदलण्याआधी तपासा की योजना ठरल्याप्रमाणे झाली का. आठ-दहा पायऱ्यांची यादी करा, कोणालातरी एक तास बसवून प्रत्येक पायरी झाली की नाही यावर खूण करायला सांगा. ८० टक्क्यांखाली असेल तर योजना वाईट आहे की नाही हे अजून कळलेलंच नाही. तेव्हा मोठ्यांना सराव द्या, योजना सोपी करा. यादी भरलेली असूनही आकडा हलत नसेल तर चौथ्या पायरीवर परत या. कारणाचा अंदाज चुकला असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

उपायामुळेच फरक पडला का, हे पाहायचं असेल तर काही दिवस उपाय थांबवून पुन्हा सुरू करतात. धोकादायक वर्तनात हे करू नका, आणि वाचनासारख्या कौशल्यात ते शक्यच नाही. शिकलेलं विसरता येत नाही. तिथे तोच उपाय एका तासाला आज, दुसऱ्या तासाला आठवड्याने, तिसऱ्याला दोन आठवड्यांनी सुरू करा. प्रत्येक तासातला आकडा आपापली रेघ ओलांडल्यावरच बदलला, तर श्रेय उपायाचं.